दोन सीटांची हिरवी गाडी

मैथूचा डोळा नुकता लागला होता. घर गप्प होतं. मी भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसले होते. चार वर्षांच्या पोरीच्या आईला भर दुपारी असं बसायला मिळणं म्हणजे काय, ते ज्यांना मिळत नाही त्यांनाच कळेल. तेवढ्यात स्वयंपाकघरात टण्णकन काहीतरी पडलं. बरं, पडून गप्प बसेल तर ते स्टीलचं झाकण कसलं. ते आपलं गोल गोल फिरत, थरथरत, सगळ्या घराला सांगत सांगत सावकाश जमिनीला टेकलं.

मी धावले. आण्णा स्टुलावर उभे होते. काखेत आईचा सोऱ्याचा डबा.

"उठली काय गं ती?" त्यांनी वरूनच कुजबुजत विचारलं.

"नाही. काय शोधताय?"

"शेवेची जाळी. बारीक भोकाची."

"शेव करताय?"

"पेट्रोल गाळायचंय," आण्णा म्हणाले. "टाकीत गंज हाय. आईला बोलू नको. चकल्या झाल्यात तिच्या."

"शेव व्हायची आहे अजून."

"तोवर आणून ठेवतो की."

दिवाळी तोंडावर आली होती. मी मैथूला घेऊन कोल्हापूरला माहेरी आले होते; नवरा भाऊबीजेला येणार होता. आण्णा एका पंपाच्या कारखान्यात फोरमन होते, आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं आलं. आईनं तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत केला होता, त्याच्या खिडकीतून पंचगंगेचा पूल दिसतो म्हणून. फ्लॅटमध्ये सगळं मावणार होतं, फक्त क्वार्टरच्या मागची पत्र्याची शेड मावणार नव्हती. आणि शेडमध्ये ती गाडी होती.

दोन सीटांची, वर टप नसलेली, लांब नाकाची इंग्रजी बनावटीची गाडी. शर्यतीची म्हणत तिला. मी जन्मल्यापासून ती तिथंच उभी. लहानपणी मी तिच्या सीटवर बसून अभ्यास केलाय, तिच्या चाकाशी भातुकली मांडलीय, पण ती हललेली काही कधी पाहिली नाही. का चालत नाही विचारलं, की आण्णांचं उत्तर ठरलेलं: "भाग मिळत नाहीत गं तिचे." कॉलनीतली पोरं तिला टमटम म्हणायची. आई तिला काहीच म्हणायची नाही.

आता मात्र आण्णांनी ती दुरुस्त करून विकायचं मनावर घेतलं होतं, आणि तेही निवृत्तीच्या आत.

"नंतर विका की निवांत," मी म्हटलं होतं. "घाई काय आहे?"

"तुला कळायचं नाही. नोकरीतल्या माणसानं गाडी विकली, तर लोक म्हणतात, कंटाळला असंल. पेन्शनरानं विकली, की म्हणतात, अडला बिचारा. अडलेल्याची गाडी मग भंगारात मागतात. तो गफूर भंगारवाला दोनदा येऊन टायर दाबून गेलाय. त्याला सांगितलंय मी, ही गाडी दारातनं जाईल ती आपल्या पायानं जाईल. ढकलत नाही, टेम्पोत घालून नाही. चालती विकणार."

"आणि नाही चालली तर?"

आण्णांनी जाळी खिशात घातली. "चालंल," म्हणाले, आणि स्टुलावरून उतरताना गुडघ्याला हात लावला.

मग त्या दुपारपासून माझं एक नवंच सुरू झालं. मैथू झोपली रे झोपली, की मी शेडमध्ये. आधी नुसती पाने हातात देत होते, मग नट पिळायला लागले, मग गाडीखाली आडवीच झाले. रॉकेलमध्ये बुडवून एकेक भाग घासायचा, पुसायचा, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यावर ओळीनं मांडायचा. ओळ मोडायची नाही, कारण ज्या क्रमानं काढलं त्याच्या उलट क्रमानं बसवायचं. मला त्यात इतकी गोडी लागली, की मैथू दुपारी झोपायला कुरकुरली तर मी तिला थोपटता थोपटता मनातल्या मनात कार्ब्युरेटर जोडत असे. सीटांचं रेक्झिन मीच शिवलं. आईच्या मशीनची सुई तीनदा मोडली.

"मोडा, मोडा," आई म्हणाली. "जगाचे पंप चालू करून दिले आयुष्यभर. दारातली गाडी तेवढी म्हातारपणी आठवली."

"म्हातारपण लागलं नाही अजून," आण्णा आतून म्हणाले. "महिनाअखेरीला लागणार."

आई चहा घेऊन यायची, पण शेडच्या उंबऱ्यापर्यंतच. कप उंबऱ्यावर ठेवायची आणि परत फिरायची. एकदा मी म्हटलं, "आत येऊन बघ तरी, कसली दिसायला लागलीय." तर म्हणाली, "बघितलीय मी. शेवेची जाळी कुठं हाय?"

आण्णा एकदम गाडीखाली गेले.

"भाग मिळत नाहीत म्हणत होता ना?" मी एकदा विचारलं. सगळं काम वायसर, नळ्या, रबर असल्याच गोष्टींचं निघत होतं, आणि त्या उद्यमनगरात दोन गल्ल्या फिरलं की मिळत होत्या. "मग आता कुठून मिळाले?"

"आता मिळतात," आण्णा म्हणाले. "तो दहाचा पाना दे."

रंग गर्द हिरवा लावला, विड्याच्या पानासारखा. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी इंजिन चालू झालं. बॅटरी जुनी, तिच्यात दम नव्हता. आण्णांनी पुढच्या भोकात हँडल घालून फिरवलं. पहिल्या फेऱ्याला नुसता उसासा. दुसऱ्याला खोकला. तिसऱ्याला इंजिननं असा काही उलटा झटका दिला, की हँडल आण्णांच्या हातातून उडालं आणि आण्णा अंगठा धरून खाली बसले. पण इंजिन सुरू होतं. शेडचे पत्रे थरथरत होते. मैथू कानांवर हात ठेवून नाचत होती. आण्णा वेदनेनं आणि आनंदानं एकदमच तोंड वाकडं करून हसत होते.

आई दारातून म्हणाली, "अंगठा बाहेर ठेवायचा असतो. माहीत असून धरलासा."

तिचं ते नेहमीचं बोलणं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत आण्णांचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला. आईनं हळद-तुरटीचा लेप घालून फडकं बांधलं.

अडचण अशी, की गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी यायचं होतं. बेळगावचे दड्डीकर. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. कुणाकडून तरी ऐकून त्यांनी फोन केला होता. पाडव्याला सकाळी येतो, चालवून बघतो, पसंत पडली तर चालवतच घेऊन जातो, म्हणाले होते. एवढं एकच गिऱ्हाईक. ते हातचं गेलं, तर महिना संपायला आठवडाही नव्हता, आणि मागे गफूर होताच.

"त्यांना एकट्याला कशी देऊ चालवायला? गाडीची ओळख नको?" आण्णा रात्री जेवताना म्हणाले. "गिअर कुठं अडतो, ब्रेक किती दाबायचा. आधी ते शेजारी बसू देत, आणि कुणीतरी चालवून दाखवायला पाहिजे." आणि माझ्याकडं बघितलं.

लग्नाआधी आण्णांनी मला कारखान्याची जीप शिकवली होती. पण त्याला किती वर्षं झाली. मैथू झाल्यापासून माझ्या हातात बाबागाडी सोडून चाकाचं काही आलं नव्हतं.

"ती चालवील," आई ताटात आमटी वाढत म्हणाली. मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. "फक्त बावड्याच्या रस्त्यानं नेऊ नका उद्या. पाडवा हाय."

"दुसरा रस्ता सगळा उकरलाय," आण्णा म्हणाले. "आणि सायलेन्सर चांगला तारेनं आवळलाय मी. काही होत नाही."

हे सायलेन्सरचं आणि पाडव्याचं काय, ते कोल्हापूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. पाडव्याला आमच्याकडं गवळी लोक म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, अंगावरचे केस कापून नावं काढतात. आणि मग म्हशी पळवतात. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून टाकतो, फाड फाड आवाज करत पुढं निघतो, आणि म्हैस त्या आवाजामागं ऊर फुटेस्तोवर पळते. कित्येक महिने तिला त्या आवाजाची सवय लावलेली असते. त्या दिवशी फुटक्या सायलेन्सरचा आवाज म्हणजे म्हशीला मालकाची हाक.

दड्डीकर सकाळी आले. पांढराशुभ्र खादीचा शर्ट, पोट थोडं पुढं, बोलणं बेळगावी. गाडीला आधी हात लावला नाही. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली बघितलं, मग बोनेटवर तळवा ठेवला, जसा म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

"छान केलाय की हो," म्हणाले. "कोण चालवणार? तुम्ही तर हात बांधून बसलाय."

"आमची लेक."

मी ओढणी कमरेला बांधून तयार होते. दड्डीकरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डाव्या सीटवर बसले. बसले म्हणजे, आधी एक पाय, मग पोट, मग दुसरा पाय. मैथू रडायला लागली, मला पण, मला पण. आईनं तिला कडेवर घेतलं.

"दोनच सीटा आहेत गं राणी," मी म्हटलं, रात्रभर चार्ज केलेल्या बॅटरीवर इंजिन चालू केलं आणि क्लच सोडला.

कॉलनीच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी श्वास घेतला नसेल. रस्त्याला लागले, दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, आणि वारा तोंडावर आला. वर काही नाही, नुसतं आभाळ. दोन्ही बाजूंना ऊस. मांडीवर कुणी नाही, खांद्यावर कुणी नाही, मागून कुणी आई आई करत नाही. मला एकदम हसू आलं, कशाचं ते कळलं नाही.

"हसताय का?" दड्डीकरांनी विचारलं.

"काही नाही. गिअर छान पडतोय."

"पडतोय खरा," ते म्हणाले, आणि तेही हसले.

बावड्यात शिरलो. रस्त्याच्या कडेला एका गोठ्यापुढं माणसं जमली होती. एक म्हैस तेलानं तुकतुकीत चोळलेली, शिंगं गुलाबी, कपाळावर आरसा, पाठीवर केस कापून अक्षरं काढलेली: संभाची चंपी. मी तिच्याकडं बघत होते आणि रस्त्यातला खड्डा मला दिसला नाही. गाडी दणकन आपटली. मागं खणखण करत काहीतरी रस्त्यावर घरंगळलं. आणि पुढच्या क्षणाला गाडीनं असा आवाज काढला, की उसातले बगळे उठले.

"सायलेन्सर गेला वाटतं," दड्डीकर ओरडून म्हणाले. ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. त्यांनी मागं वळून बघितलं. "ताई, म्हैस."

"कुठं?"

"मागं. येतीय."

मी आरशात पाहिलं. आरशात दुसरं काही नव्हतंच. गुलाबी शिंगं आणि मधे आरसा, त्या आरशात आमची हिरवी गाडी. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबू नगासा ताई," मागून धावत एक माणूस ओरडत होता. तो संभा. "थांबलासा तर पुढचं पाय गाडीवर टाकतीया. तसं शिकवलंय तिला."

मी ब्रेकवरचा पाय काढला. आण्णांनी तीन हात देऊन लावलेला रंग डोळ्यापुढं आला. दाबला ॲक्सिलरेटर.

"लई पळवू नगासा," संभा आणखी जोरात ओरडला. "दुभती हाय ती."

आता आली का पंचाईत. थांबावं तर गाडी जाते, पळवावं तर म्हैस जाते. मला म्हशीच्या चालीनं चालवायला हवं होतं, धड हळू नाही, धड जोरात नाही. दड्डीकर सीटवर उलटे वळून बसले आणि मला सांगायला लागले.

"आठ हातांवर आहे. सहा. थोडी वाढवा. वाढवा म्हणतो मी. हां. आता पुन्हा आठ. दमली वाटतं, कमी करा जरा. रंग वाळलाय का हो मागचा?"

"काल वाळला."

"मग बरं. पाच हातांवर आली. पाच म्हणजे जवळच की हो."

लोक ओट्यांवर आले होते. कुणी शिट्ट्या मारत होतं. एका म्हाताऱ्यानं हातातली काठी वर करून विचारलं, "कुणाची गं पोरी तू?" आणि मी ओरडून सांगितलं, "फोरमनांची." एका बाईनं आरतीच्या ताटातलं कुंकू आमच्या दिशेनं उडवलं; ते गाडीवर पडलं की म्हशीवर, कोण जाणे. दड्डीकर हसून हसून डोळे पुसत होते. मला कुठल्या तरी क्षणी कळलं, की मी घाबरलेली नाही. माझे हात चाकावर अगदी हलके होते. गाडी मला कळत होती. तिच्या मागं पळणारी म्हैसही कळत होती.

पुढं नदीकडं उतार लागतो. तो दिसला आणि मला सुचलं. म्हैस गाडीमागं नव्हती, आवाजामागं होती. उताराच्या तोंडाशी मी गिअर काढला आणि किल्ली फिरवली.

इतकं शांत झालं, की कवड्यांचा खुळखुळ ऐकू आला. गाडी आपल्या वजनानं घसरत खाली निघाली, आणि चंपी उतारावर थांबली. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हाक मारणारं कुठं गेलं, तिला कळेना. मग तिनं रस्त्याकडेच्या उसाला तोंड लावलं. मागून धापा टाकत संभा आला, त्यानं तिच्या गळ्यात हात टाकला आणि आमच्याकडं बघून कपाळाला हात लावला. तो नमस्कार होता की नशिबाला बोल, कळलं नाही. दोघं परत फिरली.

आम्ही पुलाजवळ सपाटीला येऊन थांबलो. दड्डीकर पुन्हा सरळ वळून बसले.

"गाडी चांगली आहे," म्हणाले. "पण आता चालू करून दाखवा."

मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही. बॅटरी संपली होती.

"ढकलूया का?" दड्डीकरांनी विचारलं.

"ढकलून नको," मी पटकन म्हटलं. "आण्णा ढकलून विकणार नाहीत."

खाली उतरून मी हँडल काढलं, भोकात घातलं. दोन्ही हातांनी जोर लावला. अर्धा फेरा झाला आणि अडलं. दड्डीकरांनी लावून बघितलं, त्यांचंही पोट मध्ये येत होतं. एवढं सगळं करून, म्हशीपासून वाचवून, गाडी इथं पुलापाशी मेली. संध्याकाळी गफूर टेम्पो घेऊन येईल.

तेवढ्यात एक रिक्षा उतारावरून आली. आधी आण्णा उतरले, बांधलेल्या हाताच्या कुशीत रस्त्यातून उचललेला सायलेन्सर, गोणपाटात गुंडाळलेला. मग मैथू. मग आई.

"आवाज कॉलनीपर्यंत आला," आण्णा म्हणाले. "काय झालं? बंद पडली?"

"बंद केली. आता चालू होत नाही."

आण्णांनी गाडीकडं पाहिलं, मग आपल्या फडक्यातल्या हाताकडं. दड्डीकरांकडं बघायचं त्यांनी टाळलं. मी आण्णांना तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सरका," आई म्हणाली.

तिनं मैथूला माझ्याकडं दिलं. पाडव्याचं नवं जरीकाठी पातळ होतं. त्याचा पदर कमरेला घट्ट खोचला. गाडीच्या नाकापुढं उभी राहिली, हँडल धरलं, अंगठा बाहेर ठेवून, चारही बोटांच्या बाजूला. थोडं फिरवून बघितलं. कुठंतरी अडलं तिथं थांबली.

"चोक ओढा," आण्णांना म्हणाली. "अर्धाच. पूर्ण ओढलासा तर पेट्रोल पिऊन बसते ती."

आण्णांनी डाव्या हातानं चोक ओढला. आईनं एक दम घेतला आणि खालून वर असा एकच झोका दिला, विहिरीतून घागर काढावी तसा. इंजिन पहिल्या झोक्याला सुरू झालं.

मी मैथूला धरून नुसती उभी होते. दड्डीकर आईकडं बघत होते. आई हँडल काढून, पदरानं पुसून, सीटखालच्या त्याच्या खाचेत ठेवत होती. ती खाच मला पंधरा दिवसांत दिसली नव्हती.

"वहिनी, हे कधी शिकलात?"

"शिकायचं काय त्यात. ह्यांनी सीटवर बसायचं आणि मी हँडल मारायचं. लग्न झाल्यावर वर्षभर हेच तर केलं आम्ही. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा. ओल्या केसांनी निघायचं, घाट चढेपर्यंत केस वाळायचे."

"मग बंद का ठेवलीत एवढी वर्षं?" दड्डीकरांनी विचारलं. "भाग मिळत नव्हते?"

आई आणि आण्णा एकमेकांकडं बघून हसले.

"भाग कसले," आण्णा म्हणाले. "सीटा दोन. ही पोटात होती तरी सातव्या महिन्यापर्यंत फिरलो. मग ही झाली. तीन माणसं झाली. एकानं घरी राहायचं आणि दोघांनी जायचं, ते काय आम्हाला जमंना. म्हटलं, राहू दे आत."

माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मैथूनं माझ्या कानातलं धरलं होतं, ते मी सोडवून घेतलं.

"पण आता पुन्हा दोघंच आहात की," दड्डीकर म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "लेक आपल्या घरी. निवृत्तही होणार. आत्ता तर खरी गरज. विकता कशाला?"

"बसायला येतंय दोघांना," आई म्हणाली. "पण इतकी बुटकी हाय ती, एकदा बसलं की उठवायला तिसरा माणूस लागतोय."

आण्णा इतके हसले, की त्यांना बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. "खरं हाय," म्हणाले. "परवा मला ह्या पोरीनंच ओढून काढलं. घ्या तुम्ही. फिरवा मात्र. झाकून ठेवणार असाल तर नको."

दड्डीकरांनी इंजिन बंद केलं, मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, गोणपाट रस्त्यावर अंथरलं आणि त्या पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरले. सायलेन्सर बसवून, तार आवळून, बाहेर आले तेव्हा पाठीवर सगळा बावडा होता. मग येताना बरोबर आणून सीटमागं ठेवलेला नारळ आण्णांच्या डाव्या हातात ठेवला आणि वर विसाराचं पाकीट.

"झाली माझी?"

"झाली," आण्णा म्हणाले.

"मग आता माझ्या गाडीत कोण बसणार, ते मी सांगणार. आज पाडवा. तुम्ही दोघं घरापर्यंत चला. आम्ही रिक्षानं येतो."

"हात बांधलाय माझा."

"चाकाला एक पुरतो. गिअर वहिनी टाकतील."

आई नको म्हणेल असं वाटून मी तिच्याकडं पाहिलं. ती डाव्या सीटवर बसलीही होती. पदर मानेभोवती गुंडाळून गाठ मारत होती, अगदी सवयीनं. दड्डीकरांनी हँडल मारलं. तिनं आधीच सांगून ठेवलं, जरा बाजूला उभं राहायचं, अंगठा बाहेर, खालून वर एकच झोका. इंजिन लागलं, आता जरा शहाण्यासारखा आवाज करत.

"पहिला," आण्णा म्हणाले.

आईनं उजव्या हातानं पहिला टाकला. गाडी निघाली.

"दुसरा."

"माहीत हाय," आई म्हणाली.

चढावर ते लांब हिरवं नाक सरळ वर चढत गेलं. आण्णांच्या हाताचं पांढरं फडकं आणि आईच्या पदराचं केशरी टोक, दोन्ही एकदमच वाऱ्यावर उडत होते. तिसरा तिनं न विचारताच टाकला असणार, कारण वळणापाशी गाडी एकदम पुढं झेपावली आणि आईचं हसू आम्हाला खाली ऐकू आलं. तसं हसताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.

"चालतीच गेली," दड्डीकर म्हणाले, आणि पाठ झटकायला रिक्षाकडं वळले.

मैथू माझ्या कडेवर होती. गाडी दिसेनाशी झाली तरी तिकडंच बघत होती. बराच विचार करत होती, ते तिच्या ओठांवरून कळत होतं.

"आई," ती म्हणाली, "तू आलीस म्हणून आजीनं गाडी बंद केली?"

"हो."

"मग मी आल्यावर तू काय बंद केलंस?"